गॅस गळणारे पिस्तूल आणि जळगावचे ऊन

जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेल्या आणि अमेरिकी सैन्याने १९११ साली स्वीकारलेल्या पिस्तुलाची, कार्बन डायऑक्साइडवर ४.५ मिमीचे छरे सोडणारी स्वस्त प्रतिकृती मी घेतली. परंतु १२ ग्रॅमचे नळकांडे बसवताच सारा गॅस फुसफुसत निघून जाई. छरे काढून पाहिले, तेव्हा झडपेच्या तोंडाची रबरी कडी चिरलेली आढळली. ती बदलली आणि दर नळकांड्याच्या तोंडाला सिलिकॉन तेलाचा एक थेंब लावू लागलो (शिवणयंत्राचे तेल नव्हे). गळती थांबली. तरीही मे महिन्यातील दुपारी छरा सुटेना, कारण उष्णतेने गॅसचा दाब इतका वाढतो की घोड्याच्या ठोक्याने झडप उघडतच नाही. म्हणून आता केळीच्या बागेमागील मातीच्या बांधावर, डोळ्यांना चष्मा लावून, पहाटेच नेम धरतो.