सॅनची (नेटवर्कवरच्या सामायिक स्टोरेजची) डिस्क दिसेना? आधी हे बघा
बेळगावच्या उद्यमबागेत लाइट गेली, आली. लिनक्स सर्व्हर उठला, पण आय-स्कझीवरची (म्हणजे नेटवर्कवरून जोडलेली) डिस्क गायब. अशा वेळी लगेच ड्रायव्हर उपटून नवा टाकू नका. ‘एलएसपीसीआय’ कमांडला ‘के’ पर्याय देऊन नेटवर्क कार्डाला ड्रायव्हर लागलाय का बघा, मग ‘डीमेसेज’मध्ये (कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या नोंदींत) फर्मवेअरची (कार्डातल्या सॉफ्टवेअरची) कुरकुर शोधा. कर्नल नुकताच बदलला असेल तर जुन्यावर बूट करून पाहा.

ड्रायव्हर ठीक, लॉगिनही होतंय, पण मोठी फाइल टाकली की अडकतं? मग संशय एमटीयूवर (एका पॅकेटात जास्तीत जास्त किती बाइट मावतात, त्या मर्यादेवर). तो ९००० असेल तर ८९७२ बाइटांचा पिंग (चाचणीचं पॅकेट) तुकडे न करता सॅनकडे मारा (उरलेले २८ हेडरचे). नाही गेला, तर मधला स्विच तपासा.

आमच्याकडं दुखणं आणखी साधं होतं: स्विच सर्व्हरच्या मागून उठायचा, म्हणून डिस्क सापडायची नाही.