संरक्षण खर्च आणि आर्थिक वाढ: हिशेब मांडताना या चुका टाळा

संरक्षणावर जास्त खर्च झाला की विकास खुंटतो, असे काही जण ठामपणे सांगतात. शस्त्रनिर्मितीमुळे उद्योगांना चालना मिळते, असे इतर तितक्याच ठामपणे सांगतात. पुष्कळदा दोघांचेही आकडे बरोबर असतात, चुकते ती त्यांची मांडणी.

सर्वांत साधी चूक टक्केवारीत होते. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षण मंत्रालयासाठी सुमारे ६.८१ लाख कोटी रुपयांची तरतूद होती, म्हणजे त्या वर्षासाठी गृहीत धरलेल्या स्थूल देशांतर्गत उत्पादनाच्या सुमारे १.९ टक्के. त्यातील जवळपास १.६१ लाख कोटी रुपये निवृत्तिवेतनाचे असल्यामुळे ते वगळताच हे प्रमाण दीड टक्क्याच्या आत येते. आपला आकडा दुसऱ्याच्या आकड्याशी जुळत नसेल, तर प्रथम हेच तपासावे.

दुसरी चूक म्हणजे ही सगळी रक्कम एकजिनसी मानणे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीसारख्या, घरटी सैनिक देणाऱ्या गावात येणारे निवृत्तिवेतन घरखर्चाला आणि मुलांच्या शिक्षणाला लागते; तयार विमान परदेशातून आणले, तर देशाचे उत्पादन मोजताना गुंतवणूक म्हणून बेरजेत धरलेली त्याची किंमत आयात म्हणून लगेच वजा होते. याउलट, विक्रांत या विमानवाहू नौकेसाठी लागलेले सुमारे ३०,००० टन विशेष पोलाद भारतातच, सरकारी पोलाद कंपनीच्या कारखान्यांत तयार झाले. अर्थसंकल्पात हे सारे ‘संरक्षण’ या एकाच शब्दाखाली येत असले, तरी वाढीवर होणारा त्यांचा परिणाम एकसारखा नसतो.

सर्वांत महागात पडते ती तिसरी चूक: दोन गोष्टी एकत्र घडल्या म्हणून एकीला दुसरीचे कारण ठरवणे. अर्थतज्ज्ञ एमिल बेन्वा यांनी १९७३ मध्ये ४४ विकसनशील देशांच्या अभ्यासातून, जास्त संरक्षण खर्च करणारे देश अधिक वेगाने वाढल्याचे दाखवले, तेव्हा त्यांतील अनेक देशांना परकीय मदतही भरपूर मिळत होती, या मुद्द्यावर टीकाकारांनी बोट ठेवले. आपल्याकडे नेमकी उलट घाई होते. १९६२ च्या युद्धानंतर भारताच्या संरक्षण खर्चाचे उत्पादनाशी असलेले प्रमाण सुमारे दोन टक्क्यांवरून चारच्या आसपास गेले आणि तिसरी पंचवार्षिक योजना फसली, हे खरे आहे. परंतु त्याच काळात १९६५ चे युद्ध झाले, अमेरिकेची मदत थांबली, लागोपाठ दोन वर्षे दुष्काळ पडला आणि जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. हे सर्व बाजूला ठेवून केवळ खर्चाची आणि वाढदराची रेघ जोडली, की पावसाचा दोष लष्कराच्या माथी बसतो.

दुसऱ्या महायुद्धातील अमेरिकेचा दाखला देतानाही असेच भान हवे. तेथे कारखाने आणि माणसे रिकामी होती, म्हणून युद्धाच्या मागणीने उत्पादन वाढले. साठच्या दशकातील भारतात टंचाई होती ती परकीय चलनाची आणि धान्याची, आणि नुसत्या मागणीने ती भरून निघण्यासारखी नव्हती.

शेवटी कालावधी. विक्रांतचा कणा २००९ मध्ये बसवला गेला आणि ती २०२२ मध्ये नौदलात दाखल झाली. ज्या वर्षीचा खर्च त्याच वर्षीच्या वाढदरासमोर ठेवणारा तक्ता करणाऱ्याने, मधल्या तेरा वर्षांचा परिणाम कोणत्या रकान्यात लिहायचा, हे आधीच ठरवून घ्यावे.