संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे, यासाठी या चुका टाळा

एखादे संकेतस्थळ तपासायला घेतले की मी सर्वप्रथम माउस बाजूला ठेवतो आणि केवळ टॅब कळ दाबत पानाच्या वरपासून खालपर्यंत जातो. पुढे लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा एवढ्यावरच उघड्या पडतात. तरीही एकदाही असे न करता काम पूर्ण झाल्याचे जाहीर करणारे लोक मला सतत भेटतात.

बटण नसलेले बटण

बटणाच्या जागी डिव्ह, म्हणजे पान ज्या भाषेत लिहितात त्या एचटीएमएलमधील स्वतःचा अर्थ नसलेला साधा घटक, वापरणे ही माझ्या मते सर्वांत त्रासदायक चूक आहे. डिव्हला रंग देता येतो, त्याचे कोपरे गोल करता येतात आणि क्लिक झाल्यावर हवे ते घडवून आणता येते, त्यामुळे माउस वापरणाऱ्याला काहीच खटकत नाही. मात्र टॅब कळ त्याच्यावर थांबत नाही आणि स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरील मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या, दृष्टीने तो साधा मजकूर असतो.

एका संस्थेच्या नोंदणी अर्जाबाबत ‘अर्ज पुढे जात नाही’ अशी तक्रार आली होती. तक्रार करणाऱ्या दृष्टिहीन अर्जदाराने एनव्हीडीए या स्क्रीन रीडरच्या मदतीने सर्व रकाने भरले होते आणि कागदपत्रेही जोडली होती. पण शेवटच्या रकान्यानंतर टॅब दाबला की त्याला थेट पानाच्या तळाच्या (फूटरमधील) लिंक ऐकू येत. मला बोलावले गेले तोवर तेथील टीमने दुरुस्तीला सुरुवात केलेली होती. त्यांनी आधी त्या डिव्हला बटणाचा रोल, म्हणजे ‘हे बटण आहे’ अशी ओळख, दिला. स्क्रीन रीडर त्याला बटण म्हणू लागला, पण टॅब तेथे थांबेना. मग टॅबने तेथे पोहोचता यावे म्हणून टॅबइंडेक्स हा गुणधर्म शून्य ठेवला. टॅब थांबू लागला, पण एंटर दाबून काही होईना. एंटरसाठी स्क्रिप्ट लिहिल्यावर ध्यानात आले की खरे बटण स्पेस कळीनेही दाबले जाते, आणि येथे मात्र स्पेस दाबताच पान खाली सरकते. तेही निस्तरले, तेव्हा दिसले की अर्ज अपुरा असताना निष्क्रिय व्हायला हवे असलेले हे बटण केवळ फिके पडते आणि दाबल्यास अपुरा अर्ज खुशाल पाठवते. मी तो डिव्ह काढून बटण टॅग लिहिला आणि त्या डिव्हसाठी लिहिलेली सगळी डागडुजी पुसून टाकली. खऱ्या बटणाचे ब्राउझरने दिलेले रूप बदलण्याच्या कंटाळ्यापायी हा सारा खटाटोप झाला होता, आणि ते बदलायला पानाचे रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या चार ओळी पुरल्या.

एचटीएमएलमध्ये योग्य घटक तयार असेल तर तोच वापरावा, एरिया (घटकाची ओळख सांगणारे जादा गुणधर्म; वरचा रोल त्यांपैकीच) नव्हे, असे वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या एरियाविषयक मार्गदर्शनातील पहिलाच नियम सांगतो. नवशिके नेमके उलट करतात. एरिया ब्राउझरला घटकाचे नाव आणि भूमिका सांगते, वागणूक देत नाही, हे समजून घेण्याइतका धीर त्यांच्यापाशी नसतो.

याच चुकीचे भावंड म्हणजे फोकसची, म्हणजे टॅब ज्या घटकावर थांबला आहे त्याच्याभोवतीची, चौकट काढून टाकणे. डिझायनरला ती खुपते, कोणीतरी सीएसएसमध्ये ‘आउटलाइन : नन’ लिहून मोकळा होतो, आणि कीबोर्डवर अवलंबून असलेल्या माणसाला आपण पानावर कोठे आहोत हेच कळेनासे होते. चौकट फक्त कीबोर्ड वापरताना दिसावी असे वाटत असेल, तर त्यासाठी सीएसएसमध्ये ‘फोकस-व्हिजिबल’ उपलब्ध आहे. मी स्वतः आत पांढरी आणि बाहेर गडद अशी दुहेरी चौकट देतो, म्हणजे पार्श्वभूमी कोणतीही असली तरी ती उठून दिसते.

लेबल गिळणारा प्लेसहोल्डर

जागा वाचवण्यासाठी रकान्याचे नाव रकान्याच्या आतच प्लेसहोल्डर म्हणून लिहिण्याची सवय काही केल्या जात नाही. पहिले अक्षर टाइप करताच ते नाव नाहीसे होते. मध्येच फोन आला, किंवा भरलेली माहिती पुन्हा तपासायची वेळ आली, की या रकान्यात काय मागितले होते हे आठवणीवर सोडावे लागते. काहींना तो फिका मजकूर आधीच भरलेले उत्तर वाटतो आणि ते रकाना तसाच सोडतात. रकान्याच्या वर लेबल लिहावे आणि ते फॉर व आयडी या गुणधर्मांनी रकान्याशी जोडावे. मग लेबलवर बोट टेकवले तरी रकाना निवडला जातो. तारखेचा नमुना वगैरे सूचना लेबलखाली कायम दिसेल अशी ठेवावी. चूक झाल्यास केवळ किनार लाल करून भागत नाही. काय चुकले ते रकान्यापाशी शब्दांत लिहावे आणि भरलेली माहिती पुसू नये.

बाकीच्या चुका थोडक्यात सांगतो. पांढऱ्यावर राखाडी अक्षरे लिहिण्याची हौस असेल, तर आधी कॉन्ट्रास्ट (अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातील फरक) मोजावा: डब्ल्यूसीएजी या सुगमतेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या एए पातळीनुसार साध्या मजकुराला किमान ४.५ : १ आणि मोठ्या अक्षरांना ३ : १ लागतो, आणि रंगाच्या सांकेतिक क्रमांकात सहा वेळा सात लिहून मिळणारा लोकप्रिय राखाडी रंग पांढऱ्यावर ४.४८ वर अडकतो. पिंच करून पान मोठे करण्याची सोय बंद करू नये. ‘येथे क्लिक करा’ अशी लिंक लिहू नये. ऑक्टोबर २०२३ मधील डब्ल्यूसीएजी २.२ स्पर्शक्षेत्रासाठी काही अपवाद वगळता किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल मागते. मी ४४ च्या खाली सहसा जात नाही. मराठी पानाची भाषा सांगणाऱ्या लँग गुणधर्मात टेम्प्लेटमधील ‘ईएन’ (इंग्रजी) तसाच राहिला, तर स्क्रीन रीडर मराठी मजकुरासाठी इंग्रजी आवाज निवडू शकतो. तसेच ठरावीक उंचीच्या चौकटीत देवनागरी कोंबली, की वेलांट्या आणि उकार कापले जातात.

एक ओळ चिकटवा आणि संकेतस्थळ सुगम करा, असे सांगणाऱ्या तयार विजेटवर माझा विश्वास नाही. अक्षरे मोठी करण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्याने आवाज, वेग आपल्याला हवे तसे आधीच बसवलेले असतात. स्वयंचलित तपासणीचे साधन मात्र मी जरूर चालवतो, पण हिरवी खूण दिसली म्हणून थांबत नाही. चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे त्याचे शब्दांतले वर्णन, आहे की नाही, हे त्या साधनाला कळते. त्यात कॅमेऱ्याने दिलेला फाइल क्रमांकच चिकटवलेला असला, तरी ते बऱ्याचदा बिनतक्रार पुढे जाते. निव्वळ सजावटीच्या चित्राला रिकामा ऑल्ट द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते चित्र ओलांडून जातो. ऑल्ट मुळीच न लिहिणे ही वेगळी गोष्ट आहे, कारण तेव्हा काही स्क्रीन रीडर फाइलचे नावच वाचून दाखवू लागतात.