मोठ्या माशासाठी जिग: डबा भरताना

रॉड, रीळ, पाण्याची बाटली, टोपी, टॉर्च. हे कुणाला सांगावं लागत नाही. यातलं काही राहिलं तरी दिवस निभावतो. निभावत नाही ते जिगच्या वजनांचं. जिग म्हणजे शिशाच्या डोक्यात बसवलेला गळ, त्यावर माशासारखं मऊ रबर चढवतात; डोक्यासकट नुसता गळ म्हणजे जिगहेड. डब्यात वीस जिगहेड, वीसच्या वीस ७ ग्रॅमची, समोर १२ मीटर पाणी, त्यात वारा सुटलेला, आणि जिग तळाला पोचलं की नाही हेच हाताला कळत नाही. असा एक अख्खा रविवार घालवून झाला आहे, म्हणून ही यादी. वजनांपासून सुरू करतो आणि मधेमधे पुन्हा तिथेच येणार आहे.

डब्यात ५, ७, १०, १४, २१ आणि २८ ग्रॅम असं सगळं हवं. बाकीची तीन-तीन पुरतात. १४ आणि २१ ची निदान पाच-पाच, कारण खोल पाण्यात तीच लागतात आणि तीच दगडात अडकून तुटतात. ढोबळ हिशेब असा की थांबलेल्या पाण्यात दर ३ मीटर खोलीला साडेतीन ग्रॅम. म्हणजे ६ मीटरला ७, १२ मीटरला १४. वारा होडी सरकवत असेल किंवा पाण्याला ओढ असेल तर एक पायरी वर. त्यानेही तळाची ‘टक्’ जाणवली नाही तर आणखी एक पायरी. उलट जिग दगडासारखं आपटत असेल, दर दुसऱ्या फेकीला अडकत असेल, तर एक पायरी खाली. पायऱ्या चढता-उतरता येतात त्या डब्यात पायऱ्या असतील तरच.

तळाचा एवढा आग्रह का, तर जिगला बहुतेक मासा घेतो तो ते खाली पडत असताना. उचललं की तो बघतो, पडायला लागलं की तोंडात घेतो. पडणं आपल्याला वाचता आलं पाहिजे. पहिल्याच फेकीला मनात आकडे मोजा: पाण्याला लागल्यापासून दोरी सैल पडेपर्यंत किती झाले? समजा बारा. पुढच्या फेकीला दोरी आठवरच थांबली, तर तो तळ नाही, मासा आहे, ताबडतोब ओढा. हे मोजणं वजन माहीत असल्याशिवाय होत नाही, आणि हलकं जिग वाऱ्यात तिरकं वाहत गेलं की आकड्यांना काही अर्थच उरत नाही.

नर्मदेवर हा प्रश्न दुप्पट होतो. ओंकारेश्वरच्या खाली, मंडलेश्वरच्या बाजूला, पाणी सकाळी शांत असतं. वरच्या वीजघरातून पाणी सुटलं की तासाभरात ओढ इतकी वाढते की १० ग्रॅमवर छान चाललेला खेळ २१ वर जातो. हा बदल दिसला की आधी स्वतः काठाकडे सरका, जिग नंतर बदला. एप्रिल २००५ मध्ये देवास जिल्ह्यात धाराजीला इंदिरा सागर धरणातून सोडलेल्या पाण्यात जत्रेला आलेले कितीतरी लोक वाहून गेले होते. मधल्या खडकावर बसून गळ टाकण्याची हौस असेल तर हे लक्षात ठेवा. भोंगा वाजला की सामान सोडा आणि उठा.

वजनांची खूण. डोक्यावर कोरलेला आकडा रंगाखाली दिसत नाही, आणि सुट्या मिळणाऱ्या ओतीव शिशाच्या जिगवर लिहिलेलं वजन खरं असेलच असं नाही. घरच्या छोट्या डिजिटल काट्यावर एकेक ठेवून बघा आणि नेलपॉलिशचा ठिपका द्या: ७ ला एक, १० ला दोन, १४ ला तीन, २१ ला लाल, २८ ला निळा. पहाटे टॉर्चच्या उजेडात ओल्या हातांनी हे ओळखता आलं पाहिजे. डब्याच्या खणात वजनांप्रमाणे लावा, रंगांप्रमाणे नाही. रंगांप्रमाणे लावलेला डबा दिसतो छान, आणि त्यात सगळी सातचीच आहेत हे कळायला धरण गाठावं लागतं.

आता डोक्याचा आकार. गोल डोकं सगळीकडे चालतं. आपल्याकडे तळाला काळा बेसाल्ट, फटीच फटी. तिथे गोल डोकं फटीत जाऊन बसतं. आडवं, रुंद, रग्बीच्या चेंडूसारखं डोकं दगडांवरून घरंगळत येतं आणि कमी अडकतं. इंदिरा सागरसारख्या जलाशयात जंगलच्या जंगल बुडालेलं आहे. तिथे गळापुढे ब्रश, म्हणजे फांद्यांत अडकू नये म्हणून ताठ केसांचा झुपका, लावलेलं जिग हवं. तो ब्रश फार कडक असतो आणि मासा चावला तरी वाकत नाही, म्हणून घरीच त्यातले तिसरा हिस्सा केस कापून टाका. चोरलसारख्या छोट्या धरणात काठाच्या गवतात मरळ असते. तिथे ५ किंवा ७ ग्रॅम, ब्रशवालं, हळूहळू पडणारं. म्हणजे हलकी वजनंही हवीतच; फक्त तीच असून चालत नाही, एवढंच म्हणणं आहे.

कुठला मासा, यावर बाकीचं ठरतं. जिगला येणारे आपले मोठे मासे म्हणजे शिवडा, ज्याला इकडे पढिन म्हणतात, तळालगतचा शिंगाळा, म्हणजे सिंघाड, मरळ, आणि नर्मदेत महसीर, ज्याला तिथले मासेमार बाड़स म्हणतात. कटला-रोहू जिगने धरायचा विचार सोडा, त्यांच्यासाठी पिठाचे गोळे आहेत आणि ते सामानच वेगळं. दोन्ही एकाच दिवशी करणाऱ्याचं धड एकही होत नाही.

मोठ्या माशासाठी रबर मोठं हवं, १० ते १३ सेंटीमीटर. मोठा मासा लहानसहान घासासाठी जागचा हलत नाही, विशेषतः थंडीत. पण लोक इथे एक गोष्ट विसरतात. रबर पाण्यात जवळजवळ तरंगतंच, त्यामुळे मोठं रबर लावलं की जिग जड होत नाही, उलट पडण्याचा वेग कमी होतो. ७ ग्रॅमवर ८ सेंटीमीटरचं रबर तळाला जात असेल तर त्याच ७ वर १३ सेंटीमीटरचं, रुंद शेपटीचं रबर छत्रीसारखं लोंबकळत राहील. रबर वाढवलं की वजन वाढवा. पुन्हा वजन, हो. डिसेंबर-जानेवारीत मासा सुस्त असतो आणि त्याला सावकाश पडणारं हवं असतं. तेव्हा वजन तळ कळेल इतकं ठेवायचं आणि वेग कमी करायचा तो रबराच्या आकाराने. वजन कमी करून वेग कमी करायला गेलात की तळ हातातून गेला. फेकताना मात्र उलटा हिशेब: रॉडवर ७–२८ ग्रॅम छापलं असेल तर त्यात रबरही धरायचं. २१ चं डोकं आणि १२ ग्रॅमचं रबर म्हणजे ३३, आणि जोराच्या फेकीत टोक जातं. होडीतून सरळ खाली सोडायचं असेल तर ही भीती नाही.

रंगावर लोक तासभर बोलतात. पाच मिनिटांत आटपतं. पावसानंतर गढूळ पाण्यात काळा, गडद जांभळा किंवा भडक पोपटी. पाणी निवळलं की चांदी, मातकट हिरवा, तपकिरी. खोलात लाल सगळ्यात आधी दिसेनासा होतो, तेव्हा तळाशी लाल रबराचा फारसा उपयोग नाही. गढुळात रंगापेक्षा थरथर महत्त्वाची: रुंद हलणारी शेपूट, किंवा डोक्याला पत्र्याचं पातं जोडलेलं जिग. प्रत्येकी दोन रंग बास. रंगांवर वाचलेले पैसे १४ आणि २१ मध्ये घाला.

रबर मूळ पिशवीतच ठेवा. वेगवेगळ्या जातीची रबरं एकत्र ठेवली तर एकमेकांना चिकटून वितळतात, आणि काही रबरं डब्याचं प्लास्टिकही खातात. उन्हात गाडीच्या काचेखाली ठेवलेल्या पिशवीत शेपटी वाकडी होऊन बसते. वाकड्या शेपटीचं जिग गोल फिरतं आणि दोरीला पीळ पडतो. डोक्यावर रबर सरळ बसलंय का ते काठावरच, गुडघाभर पाण्यात ओढून बघा. फेव्हिक्विकचा एक थेंब मानेला लावला की दर चाव्याला रबर खाली घसरत नाही. ही ट्यूब लोक नेत नाहीत. न्या.

गळ ३/० ते ५/० नंबरचा, जाड तारेचा. बारीक तारेचा गळ पटकन रुततो हे खरं, पण विणलेली दोरी ताणत नाही. सगळा झटका गळावर येतो आणि तो उघडतो. महसीरच्या जबड्यात दात नसतात, घशात असतात, आणि त्याच्या चिरडण्याने कच्चे गळ आणि रिंगा चपट्या होतात. मरळीचं तोंड आतून हाडाळ. गळ नखावर ओढून बघा, घसरला तर कानस मारा. एकपदरी छोटी कानस, दोन रुपयांच्या नाण्याएवढीही जागा खात नाही. काटेरी दाढ पक्कडीने दाबून टाका. मासा सोडणं सोपं जातं, आणि बोटात घुसला तर बाहेर काढणंही.

आमिष. नुसतं रबरही चालतं, पण शिंगाळा आणि शिवडा वासावर येतात. चिलव्यासारख्या लहान माशाच्या कातडीची पट्टी, बोटाएवढी रुंद नाही, त्याच्या निम्मी. लांबी ५ सेंटीमीटर. टोकाजवळ कातडीतून एकदाच ओवायची. दोनदा ओवली की ती गळाभोवती गुंडाळते आणि जिग भोवऱ्यासारखं फिरतं. पट्ट्या आदल्या रात्री जाड मिठात ठेवल्या की चिवट होतात आणि दिवसभर टिकतात. झिंगा चालतो, शेपटीकडून ओवा. गांडूळ लहान मासेच जास्त आणतं. कोंबडीची कलेजी जिगवर टिकत नाही, दोन झटक्यांत गळून जाते. हट्टच असेल तर इलॅस्टिकच्या दोऱ्याने बांधा. बेडूक नको, रबरी बेडूक मिळतो. एका तळ्यातले जिवंत मासे दुसऱ्या तळ्यात आमिष म्हणून नेऊ नका; तिलापिया अशानेही पसरतो. आणि पट्टी लावली की तीही पाणी अडवते, म्हणजे वजन? एक पायरी वर. शिकलात.

दोरी विणलेली, पीई (विणलेल्या दोरीच्या जाडीचा आकडा) १.५ ते २. बारीक दोरी पाणी कमी अडवते आणि जिग सरळ खाली जातं. जाड नायलॉनवर तेच वजन तिरकं तरंगत येतं. म्हणून जाड दोरीच घ्यायची असेल तर वर दिलेला ३ मीटरचा हिशेब चालणार नाही. पुढे दीड मीटर लीडर, म्हणजे जिगआधीचा घासाला टिकणारा दोरीचा तुकडा, ४० पौंड ताकदीचा. शिवड्यासाठी ५० किंवा बारीक स्टीलची तार, कारण त्याचे दात कानसीसारखे बारीक आणि असंख्य. कापत नाहीत, घासत नेतात. दर माशानंतर लीडरवरून बोट फिरवा, खरखर लागली की तेवढा तुकडा काढून टाका. जिगला गाठ सैल फासाची, घट्ट बांधलेलं जिग काठीसारखं हलतं. ड्रॅग, म्हणजे किती ताणाला रीळ दोरी सोडेल ते, दोरीच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्यावर.

सगळं करूनही वजनं कमी पडलीच तर एक तोडगा: आरपार भोक असलेलं गोळीचं शिसं लीडरवर ओवून जिगच्या डोक्याला टेकवा. तळ मिळतो, चावा थोडा बोथट कळतो. खिशात १० ग्रॅमची चार गोळीशिसं असू द्या. पण हे करायची वेळ आली म्हणजे डबा बघितला नव्हता.

परवानगी. जलाशयाचा ठेका कुणाचा आहे ते आधी विचारा आणि त्यांच्याकडून लेखी घ्या, तोंडी हो म्हणणारा माणूस दुसऱ्या दिवशी भेटत नाही. मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा विणीचा काळ. त्यानंतरही लालसर पिल्लांचा पुंजका घेऊन फिरणारी मरळ दिसली तर तिच्यावर जिग टाकू नका. महसीर राज्याचा मासा आहे, ओल्या हातांनी धरा आणि सोडा. महेश्वरच्या घाटावर लोक माशांना दाणे टाकतात, तिथे रॉड उघडू नका. इंदूरकडचे यशवंत सागर आणि सिरपूर हे तलाव रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आहेत. तिथे दुर्बीण न्या.

उरलेलं भराभर. लांब चोचीची पक्कड, जाळं (रबरी, दोऱ्याचं नको, गळ गुंततात), कात्री, होडीत लाइफ जॅकेट अंगात, पिशवीत नाही. जिग अडकलं तर रॉडने हिसडू नका; दोरी काठीला गुंडाळून सरळ ओढा. शिशाला हात लावले की साबणाने धुवा, मग पोहे.

परत आल्यावर डबा उघडा ठेवून गळ वाळवा. किती तुटली ते मोजा आणि त्याच रात्री मागवा, १४ आणि २१ आधी.