मोटरसायकलचा लाइट कमी पडतो? बल्ब बदलण्याआधी या चुका टाळा

रब्बीत ओलिताची लाइन रात्रीची आली की वावरात गेल्याशिवाय भागत नाही. हरभऱ्याला पाणी द्यायचं असतं, नाहीतर जागलीला जायचं असतं. रस्ता उखडलेला, दोन्ही बाजूंनी पऱ्हाटी. रोही (नीलगाय) आडवा आला तर निदान त्याचे डोळे चमकतात. रानडुकराचे तसे चमकत नाहीत, ते थेट चाकासमोर आल्यावरच दिसतं. मागे लाल दिवा नसलेली कापसाची ट्रॉलीही तशीच. ६० च्या वेगात गाडी सेकंदाला १६-१७ मीटर पुढे जाते, म्हणजे ब्रेकवर पाय जाईपर्यंतच तेवढं अंतर संपलेलं असतं. म्हणून लाइटच्या बाबतीत हयगय नको. आणि लाइट कमी पडतो तेव्हा बरेचदा दोष बल्बचा नसतोच.

फोकस न पाहता थेट मोठा बल्ब टाकणं

ही सगळ्यात मोठी चूक. १००-१२५ सीसीच्या बहुतेक हॅलोजन गाड्यांना १२ व्होल्टचा ३५/३५ वॅटचा बल्ब असतो. त्या जागी ५५/६० किंवा त्याहून मोठा बल्ब बसवला की होल्डर तापून वितळतो, वायर कडक होते, रिफ्लेक्टरची चांदी काळवंडते. इंजिनातली वीज तयार करणारी कॉइल तर ३५ वॅटच्या हिशेबाने बनलेली असते, त्यामुळे एवढं करूनही उजेड मनासारखा पडत नाही.

आधी उजेड पडतो कुठे ते पाहा. गावात शाळेची किंवा समाजमंदिराची भिंत असतेच, आणि तिच्यासमोर सपाट फरशी किंवा काँक्रीट असलं की झालं. टायरमध्ये हवा बरोबर भरा. गाडी भिंतीपासून ५ मीटरवर सरळ उभी करा. डबल स्टँडवर नको, चाकांवरच हवी आणि वर माणूस बसलेला हवा. हेडलाइटच्या मध्याची जमिनीपासून उंची मोजून तेवढ्याच उंचीवर भिंतीवर खडूची रेघ ओढा. आता डिपर (जवळचा, खालचा लाइट) लावा. उजेडाचा वरचा काठ त्या रेघेच्या साधारण ५ सेंटीमीटर खाली यायला हवा. रेघेच्या वर गेला तर समोरच्याचे डोळे दिपतात. फार खाली राहिला तर फक्त पुढचा मडगार्ड आणि चार हात रस्ता दिसतो. हेडलाइटच्या खाली किंवा बाजूला स्क्रू किंवा बोल्ट असतो, तो सैल करून थोडं थोडं हलवत जा.

इथे लोक एक गोष्ट विसरतात. एकट्याने बसून फोकस लावला आणि दुसऱ्या दिवशी मागे ४५ किलोची युरियाची बॅग बांधली, की गाडी मागून दबते आणि लाइट झाडाच्या शेंड्यावर जातो. रोज डबल सीट किंवा ओझं असेल तर मागचे शॉकअब त्या हिशेबाने कडक करा आणि तेवढंच वजन ठेवून भिंतीवर पुन्हा पाहा.

करंट न तपासणं

बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड १० टक्के नाही, जवळपास ३० टक्के घटतो. पावसाळ्यात चिखलातून, नाल्यातून गेलेल्या गाडीच्या जोडांना हिरवा गंज चढतो आणि करंट तिथेच अडतो. लाइट बॅटरीवर चालत असेल तर गाडी चालू ठेवून, लाइट लावून मल्टीमीटरने आधी बॅटरीवर आणि मग होल्डरवर व्होल्टेज मोजा. अर्ध्या-पाऊण व्होल्टपेक्षा जास्त फरक निघाला तर डिपर स्विच, कपलर (वायरींचा जोड) आणि अर्थिंगची वायर (अर्थ) पाहा.

अर्थ खराब असल्याची खूण सोपी आहे: डिपर लावला की लाइट मंद होतो आणि मीटरमधला अप्परचा (लांबच्या लाइटचा) निळा दिवाही बारीक पेटतो. एक वायर बॅटरीच्या मायनसपासून होल्डरच्या अर्थला तात्पुरती लावा. उजेड लगेच वाढला तर दुखणं सापडलं. अर्थचा बोल्ट घासून साफ करा, बल्बला हात लावायची गरज नाही.

जुन्या गाड्यांत हेडलाइट थेट कॉइलवर चालतो. तिथे रेस कमी केली की लाइट पिवळा पडणारच, बॅटरी नवीन टाकून काही फायदा नाही. मात्र बल्ब वारंवार उडत असतील तर रेक्टिफायर (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) तपासा, व्होल्टेज जास्त येत असू शकतं.

एलईडी बल्बची घाई

हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये बाजारातला एलईडी बल्ब टाकला की उजेडाचा उगम फिलामेंटच्या नेमक्या जागेवर राहत नाही. मग उजेड विस्कटतो. भिंतीवर पांढराशुभ्र दिसतो, पण रस्त्यावर लांब पोचत नाही, आणि समोरून येणाऱ्याला काहीच दिसत नाही. थेट कॉइलवरच्या गाडीत तो लुकलुकतोही. एलईडीच हवा असेल तर एलईडीसाठी बनलेला, आपल्या गाडीला बसणारा पूर्ण हेडलाइट घ्या.

काच आतून धुळीने माखली असेल, बाहेरून पिवळी पडली असेल तर आधी ती साफ करा किंवा बदला. हॅलोजन बल्ब बसवताना काचेच्या भागाला बोट लावू नका. बोटाचं तेल लागलं की ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. चुकून लागलंच तर स्पिरिटने पुसा.

समोरच्याने अप्पर मारला म्हणून आपणही मारायचा, हे तर टाळाच. दोघांचेही डोळे काही सेकंद कामाचे राहत नाहीत. वेग कमी करा, नजर रस्त्याच्या डाव्या काठावर ठेवा आणि तो पुढे निघून जाईपर्यंत डिपरवरच राहा.