पुण्यात खोली घेताय? जुलैचा हिशेब वेगळा मांडा

पुण्यात शिकायला येणाऱ्या मुलामुलींचं गणित सहसा दरमहाच्या भाड्याने बिघडत नाही, बिघडतं ते पहिल्या महिन्यात एकदम बाहेर पडणाऱ्या पैशांनी. म्हणून घरी "महिन्याला किती लागतील" एवढंच सांगू नका. जुलैत किती आणि ऑगस्टपासून किती, असे दोन आकडे सांगा.

समजा, चौघांनी मिळून 16,000 रुपये भाड्याचा फ्लॅट घेतला. तीन महिन्यांचं डिपॉझिट 48,000, एजंटची दलाली एक भाडं, चालू महिन्याचं भाडं आगाऊ. झाले 80,000, म्हणजे माणशी 20,000. त्यात गादी, बादली, कुलूप आणि मेसचे आगाऊ पैसे धरले की 25,000 च्या घरात जातं. ऑगस्टपासून मात्र माणशी भाडं 4,000 च. एवढे पैसे एकदम उभे राहत नसतील तर कॉट बेसिस बघा, म्हणजे अख्ख्या फ्लॅटऐवजी खोलीतल्या एका कॉटपुरतं भाडं. तिथे डिपॉझिट कमी असतं, आणि सदाशिव, नारायण, शनिवार पेठेत दारावरच्या पाट्या वाचत पायी फिरलात तर दलालीही वाचते.

मेस लावताना दर विचारण्याआधी खाड्याचा, म्हणजे न जेवलेल्या दिवसांचे पैसे वजा करण्याचा, नियम विचारा. बऱ्याच ठिकाणी सलग दोन-तीन दिवस जेवायला येणार नाही हे आधी सांगितलं तरच खाडा धरतात, एखाददुसरं जेवण चुकलं तर ते पैसे गेले. रविवारी संध्याकाळी मेस बहुधा बंद असते. त्या चार जेवणांचे, रोजच्या नाश्त्याचे आणि चहाचे पैसे कुणी धरतच नाही. दिवसाला दोन चहा आणि एक पोहे मिळून 45 रुपये धरले तरी महिन्याला 1,350 होतात.

लाइट बिलाचंही तसंच. महावितरणचा घरगुती दर 100 युनिटनंतर बराच चढतो. एका मीटरवर तीन खोल्या असल्या की सगळ्यांचा मिळून वापर वरच्या टप्प्यात जातो, आणि तुम्ही एक पंखा लावूनही महागडं युनिट भरता. सबमीटर (तुमच्या खोलीपुरता वेगळा मीटर) आहे का, आणि युनिटमागे किती घेणार, हे आधीच ठरवून घ्या.

करार तोंडी ठेवू नका. भाडेकराराची नोंदणी महाराष्ट्रात कायद्याने सक्तीची आहे आणि ती करून घेणं घरमालकाची जबाबदारी आहे. कागदाचा दुसरा उपयोग याहून मोठा. सरकारी वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. पुण्यासारख्या शहरात भोजन 32,000, निवास 20,000 आणि निर्वाह 8,000 असे वर्षाला 60,000 रुपये मिळतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी स्वयंम, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी आधार योजना आहे. भाड्याने राहत असल्याचा पुरावा तिथे लागतो. करार करायला तयार नसलेल्या मालकाची खोली पाचशे रुपयांनी स्वस्त मिळाली, तरी ती महागात पडू शकते. फक्त हे पैसे हप्त्यांनी आणि उशिरा येतात, म्हणून महिन्याच्या खर्चात ते धरू नका. हाती आले की परीक्षा फी आणि पुढच्या डिपॉझिटसाठी बाजूला ठेवा.

चौघांपैकी एक मध्येच गेला तर उरलेल्या तिघांवर 5,333 रुपये पडतात. जाणाऱ्याने महिनाभर आधी सांगायचं, आणि त्याच्या वाट्याचं डिपॉझिट नवा येणारा देईल, हे सुरुवातीलाच चौघांच्या सह्यांनी लिहून ठेवा. मैत्री असली तरी लिहाच.

जुलैत केलेला 11 महिन्यांचा करार मेअखेर संपतो. एक महिन्याचं भाडं वाचावं म्हणून खोली सोडण्याचा मोह तेव्हा होतो. पण जुलैत पुन्हा एजंटमार्फत खोली घेतली तर दलाली तेवढीच जाते, वर टेम्पोचं भाडं. खोली बरी असेल तर ती रिकामी राहिली तरी जूनचं भाडं भरा आणि करार वाढवून घ्या.