मेंढीचे शवविच्छेदन करताना या चुका टाळा

मेंढी मेल्याचा निरोप आला की बरेच जण वाड्यावर पोचल्या पोचल्या सुरी काढतात. त्याआधीची दहा मिनिटे नुसती बघण्यात आणि विचारण्यात गेली पाहिजेत. कधी मेली, काल कुठे चारली, एकूण किती मेल्या, त्यात कोकरं किती आणि मोठ्या किती, शेवटची लस कधी टोचली. हे न विचारता पोट फाडून सांगितलेले निदान म्हणजे निव्वळ अंदाज.

फाशी रोगाचा (अँथ्रॅक्सचा) संशय असताना मेंढी उघडणे

नाकातून किंवा गुदद्वारातून काळपट, न गोठणारे रक्त येतेय, अंग नीट ताठलेले नाही आणि पोट झपाट्याने फुगलेय, अशी मेंढी उघडायचीच नाही. मेंढीत ही लक्षणे दर वेळी ठळक दिसत नाहीत, म्हणून तडकाफडकी मेलेल्या प्रत्येक मेंढीच्या कानाच्या शिरेतले थेंबभर रक्त आधी काचपट्टीवर घ्या. पॉलिक्रोम मेथिलीन ब्लूने रंगवल्यावर चौकोनी टोकांचे निळे जंतू आणि त्यांच्याभोवती गुलाबी आवरण दिसले, की सुरी पिशवीत परत. बंद शरीरात हे जंतू कुजून मरतात. हवा लागली की त्यांचे बीजाणू होतात आणि ते मातीत कित्येक दशके टिकतात. नाका-तोंडात फॉर्मॅलिनचे बोळे घाला, लोकर-कातडी काढू देऊ नका, सहा फूट खोल पुरा आणि पशुवैद्यकीय दवाखान्याला लगेच कळवा. एवढी काचपट्टी करायला पाच मिनिटे लागतात. ती टाळण्याला काहीही सबब चालत नाही.

मऊ गुर्दा (मूत्रपिंड) दिसला की ‘आंत्रविषार’ लिहिणे

मराठवाड्यात सर्वात जास्त होणारी चूक हीच, आणि कळपाला सर्वात महाग पडणारीही. आंत्रविषारात, म्हणजे आतड्यातल्या जंतूंच्या विषाने होणाऱ्या रोगात, गुर्दा मऊ पडतो हे पुस्तकात असते, ते खरेही आहे. पण लोकर अंगावर असलेली मेंढी मेल्यावर लवकर थंड होत नाही. एप्रिल-मेच्या उन्हात किंवा ऑक्टोबरच्या उकाड्यात चार-सहा तास पडून राहिलेल्या कुठल्याही मेंढीचा गुर्दा मऊच लागतो. तो मऊपणा रोगाचा की कुजण्याचा, हे नुसते बोट दाबून कळत नाही.

यातून काय होते ते पाहा. परभणीच्या बाजूच्या एका कळपात खरीप ज्वारी काढलेल्या रानात मेंढ्या सोडल्या. पावसाने ओढ दिलेली, खोडव्याला वीतभर कोवळे फुटवे आलेले. तासाभरात मेंढ्या धापा टाकत, पाय झाडत पडल्या. कोकरं पडली, म्हाताऱ्या पडल्या, गाभणही पडल्या. शवविच्छेदन झाले दुसऱ्या दिवशी सकाळी. गुर्दा मऊ सापडला, कागदावर ‘आंत्रविषार’ चढले आणि अख्ख्या कळपाला लस टोचली. लस दिली म्हणजे भीती संपली असे समजून मेंढपाळाने कळप पुन्हा त्याच रानात घातला. पुन्हा मेंढ्या मेल्या. कोठीपोटात (पहिल्या, मोठ्या पोटात) ज्वारीची हिरवी पाने ठासून भरलेली होती, पण ती कुणी वाचलीच नाहीत.

आंत्रविषार बहुधा अंगाने भरलेली, जोमदार कोकरं उचलतो आणि ती सकाळी वाड्यात मेलेली सापडतात. ज्वारीच्या कोवळ्या फुटव्यातल्या हायड्रोसायनिक आम्ल या विषाला वय कळत नाही. रानात शिरल्यापासून तासाभरात ते एकदम अनेकांना पाडते. रक्त ताजे असताना लालभडक असते, काही तासांनी तेही काळवंडते. म्हणून उशिरा पोचलात तर रंगावर भिस्त ठेवू नका. कोठीपोटातला चारा झाकणाच्या बाटलीत घ्या, क्लोरोफॉर्मचे दोन-तीन थेंब टाका, हे आम्ल ओळखणारा ओला पिक्रेट कागद चाऱ्याला न टेकता बुचाला अडकवा आणि बाटली हाताच्या उबेत धरा. आम्ल असेल तर पिवळा कागद आधी कडेने नारिंगी होतो, मग विटकरी. प्रयोगशाळेला पाठवायचे ते काठोकाठ भरून, हवाबंद, गोठवून, त्याच दिवशी, कारण हे आम्ल उडून जाते. रक्त चॉकलेटी दिसले तर नायट्रेटच्या विषबाधेचा विचार करा.

आणि आंत्रविषारच म्हणायचा असेल तर हृदयाच्या पिशवीतले पाणी बघा. गवती पिवळे असते आणि हवा लागली की त्यात जेलीसारख्या गाठी धरतात. मूत्राशयातली लघवी सुईने ओढून साखरेच्या पट्टीवर टाका. साखर आली तर बाजू भक्कम होते, नाही आली म्हणून रोग नाही असेही नाही. लहान आतड्यातला ऐवज ताजाच घ्या. हे सगळे मृत्यूनंतर पहिल्या काही तासांतच खरे बोलते.

मरणाने केलेले बदल रोगाच्या माथी मारणे

कोठीपोटाचे अस्तर सालीसारखे निघाले म्हणून विषबाधा लिहू नका, काही तासांत ते असेच सुटते. खालच्या बाजूचे फोफस (फुफ्फुस) काळपट म्हणजे न्यूमोनिया नव्हे, रक्त उतरलेले असते. न्यूमोनियाचा भाग हाताला घट्ट लागतो, बहुतेकदा पुढच्या-खालच्या खंडात असतो आणि तुकडा पाण्यात बुडतो. पित्ताच्या पिशवीलगतचा हिरवा डाग रोग नाही. मेल्यावर सगळ्याच फुगतात. जिवंतपणी फुगून मेली असेल तर अन्ननलिका मानेत लाल आणि छातीत फिकी दिसते.

चौथे पोट न उघडता ‘अशक्तपणा’ लिहिणे

पावसाळ्यात डोळ्यांची पापणी पांढरीफटक, जबड्याखाली पाणी उतरलेले, आणि कागदावर मात्र अशक्तपणा! चौथे पोट दोन्ही टोकांना बांधून वेगळे करा, परातीत उघडा, पाणी घालून हलवा. दोन-तीन सेंटिमीटरचे, लाल-पांढऱ्या पिळाचे, रक्त पिणारे हीमॉन्कस जंत ताज्या पोटात वळवळताना दिसतात. उशीर झाला की रंग जातो आणि घाईत ते चाऱ्याच्या धाग्यात हरवतात. माझ्या मते परात नसलेल्याने जंतांबद्दल काही बोलूच नये.

मेंढी डाव्या कुशीवर ठेवा, कोठीपोट खाली राहते. आतडी सर्वांत शेवटी उघडा, नाहीतर शेण सगळीकडे पसरते आणि जंतूंचे नमुने बाद होतात. पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा विषाणूजन्य रोग) वाटत असेल तर मोठ्या आतड्यातले लाल पट्टे आणि तोंडातले व्रण दोन्ही बघा.

सगळे फॉर्मॅलिनमध्ये बुडवणे

फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर जंतू वाढत नाहीत. त्यासाठी वेगळा तुकडा, बर्फावर. फॉर्मॅलिनचा तुकडा एक सेंटिमीटरहून जाड नको, रोगट आणि निरोगी भागाच्या सीमेवरचा घ्या, द्रावण तुकड्याच्या दहापट. दुकानातले फॉर्मॅलिन एक भाग, पाणी नऊ भाग. अख्खे काळीज (यकृत) बरणीत कोंबले तर बाहेरचा थर टिकतो आणि आतले सडते. तो पेशी-तपासणीचा तुकडा गोठवूही नका. शव फार कुजले असेल तर न फोडलेले लांब हाड पाठवा, त्यातली मज्जा सर्वात उशिरा बिघडते.

फोफसात किंवा काळजात पाण्याचे फोड सापडले की वाड्यावरची कुत्री जवळच बसलेली असतात. तो तुकडा त्यांच्याकडे भिरकावणे बंद करा. त्यातूनच कुत्र्याच्या पोटात पट्टकृमी होतो, त्याच्या विष्ठेतली अंडी मेंढ्यांच्या चाऱ्यात येतात आणि मेंढपाळाच्या पोरांच्या हातालाही लागतात. फोडांसकट सगळे पुरा, आणि निघण्यापूर्वी कुत्र्यांना किलोला पाच मिलिग्रॅम प्राझिक्वांटेल हे जंतनाशक देऊन पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची लिहून द्या.